रातांबी परसात कशी आली

कोकणातल्या मुरुडात रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं आणि घरामागे वाडी. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या या गावात नारळ, पोफळ आणि आंबा हौसेनं लावले जातात, निगुतीनं वाढवले जातात. रातांबीला, म्हणजे कोकमाच्या झाडाला, हा मान फार उशिरा मिळाला. खाऊन टाकलेली बी गडग्याच्या कडेला, नाहीतर वहाळाच्या काठी रुजायची. झाड आपलं आपण वाढायचं आणि वैशाखात लालभडक फळांनी लहडलं की घरच्यांना त्याची आठवण व्हायची. आमसुलाशिवाय आमटी नाही, आगळाशिवाय सोलकढी नाही, तळपाय भेगाळले तर बियांचं मुठेल आहेच. एवढं देणारं झाड कुणी मुद्दाम लावत का नव्हतं?

कारण झाडाच्या जातीतच आहे. रातांब्यात नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत ते कळायला मार्ग नाही. फुलोरा यायला सात-आठ वर्षं लागतात. घरामागच्या चार गुंठ्यांत इतकी वर्षं जागा अडवायची आणि शेवटी झाड नर निघायचं, हा सौदा कोणत्याही वाडीवाल्याला परवडणारा नव्हता. म्हणून फळ घरात आलं, झाड मात्र रानातच राहिलं.

आणि फळ घरात येऊन शतकं लोटली. गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्यानं 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तिथल्या ‘भिरंड’ या नावाचं पोर्तुगिजांनी ‘ब्रिंदांव’ केलं होतं. मुळात हे झाड सह्याद्रीचंच, मँगोस्टीनचं भावंड.

परसाची वाट त्याला कलमानं दाखवली. मुरुडपासून बारा-तेरा किलोमीटरवर दापोली. तिथे 1972 साली कोकण कृषी विद्यापीठ उभं राहिलं. आंब्याच्या कलमांत मुरलेला कोकणी हात रातांबीकडे वळला आणि मृदकाष्ठ कलमाची पद्धत या झाडावर बसवली गेली. बियांचं कोवळं रोप शेंड्याकडून छाटायचं, मध्ये उभी चीर द्यायची, भरपूर फळ धरणाऱ्या मादीची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. काडी मादीची, म्हणून झाडही मादीच. फळ चौथ्या-पाचव्या वर्षी.

यात एक खाच आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचा जीव तिच्यातच आहे. काडी सरळ वर जाणाऱ्या फांदीची हवी. रातांबीच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आडवंच पसरत राहतं. रानातल्या झाडाचा तो निमुळता बांधा त्याला येत नाही. आणि उभ्या फांद्या झाडावर मोजक्याच असतात. म्हणून चांगलं कलम बनवणं हे वेळखाऊ काम आहे.

विद्यापीठानं 1997 साली ‘कोकण अमृता’ ही निवडलेली जात दिली. तिचं मोल कळायचं तर आमसुलं करताना पाहावं. फळाची साल रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची; असं अनेकदा. त्याला कडकडीत ऊन लागतं. रानातल्या कितीतरी झाडांची फळं मृगाच्या पावसात सापडून कुजतात. ‘कोकण अमृता’सारखं पावसाआधी पिकणारं झाड म्हणजे घरच्या बाईची वर्षाची बेगमी.

कलमाची ही गरज एकट्या रातांबीची नाही. दूर अमेरिकेच्या पूर्व भागात घरापुढे शोभेला ब्लॅक गम नावाचं झाड लावतात. त्याची पानं शरदात लाल होतात, रातांबीची कोवळी पालवी लाल असते. त्याच्यातही बहुधा नर-मादी वेगळे, आणि तिथले माळीसुद्धा निवडक झाडं कलमानंच वाढवतात. ज्या झाडाचं बी पुढचा भरवसा देत नाही, त्याला घराजवळ आणायला माणसाला शेवटी कलमाचाच आधार घ्यावा लागला.

परसात रातांबी लावणार असाल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून मादी कलमच घ्या आणि काडी उभ्या फांदीची आहे का, हे विचारा. मात्र गडग्याकडेला आपोआप आलेला नर ‘फळत नाही’ म्हणून तोडू नका. दहा कलमांमागे एक तरी नर आसपास हवाच. त्याच्या परागावरच तुमच्या माद्या धरतात.