शाळेची घंटा आणि संकटाची घटिका

इतिहासात स्थळ आणि साल यांची नोंद आपण कसोशीने करतो. घटिकेची मात्र फारशी पर्वा करीत नाही. लढाई कोणत्या मैदानावर झाली, धरण कोणत्या वर्षी फुटले, हे शाळकरी मुलासही मुखोद्गत असते. त्या वेळी घड्याळात किती वाजले होते, हा प्रश्न क्षुल्लक समजला जातो. महाराष्ट्रातील शाळा आणि त्यांतील मुलांची सुरक्षितता यांचा इतिहास पाहू जाता हाच क्षुल्लक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, असे आमचे मत आहे.

कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला, तो पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकतेच अंथरुणास पाठ टेकत होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे त्यांच्यावर कोसळले, आणि सरकारी गणतीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी डोंगर आला, तोही रात्रीच. तिन्ही वेळी वर्ग रिकामे होते. यामुळे मुले वाचली असे मात्र कोणी समजू नये. आईबापांच्या कुशीत ती गेलीच. वाचली ती शाळा ही संस्था, आणि तीही केवळ जाबजबाबातून. तुझ्या छपराखाली किती मुले होती, हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही.

उलट, शाळेकडे आपण पाहतो ते दुसऱ्यांच्या संकटातील आसरा म्हणून. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले व दीडशेंहून अधिक माणसे मृत्यू पावली. गावातील शाळेची इमारत तेवढी उभी राहिली. पूर असो की साथ, निराश्रितांस प्रथम शाळेचेच दार उघडते. या लौकिकामुळे शाळा ही स्वतःच धोक्याची जागा असू शकेल, हा विचार आपल्या मनास शिवत नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत खिडक्यांस काळे कागद डकवून आपण काळोखाची शिस्त शिकलो होतो. तह झाल्यावर कागद निघाले आणि त्यांबरोबर शिस्तही निघाली.

कॅलिफोर्नियाची गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. लाँग बीच येथे १० मार्च १९३३ रोजी सायंकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी भूकंप झाला. शाळा केव्हाच सुटल्या होत्या. त्या भागातील सुमारे सत्तर शाळा जमीनदोस्त झालेल्या पाहून तेथील लोकांनी साधा हिशेब केला: हाच धक्का तीन-चार तास आधी बसता तर? बरोबर एका महिन्यात, १० एप्रिल रोजी, सार्वजनिक शाळांच्या बांधकामावर सरकारी तज्ज्ञांची देखरेख सक्तीची करणारा फील्ड कायदा संमत झाला. जे घडले नाही त्यावरून कायदा करणे ही इतिहासात विरळा आढळणारी गोष्ट होय. आपल्याकडे असा हिशेब कोयनेनंतरही मांडता आला असता.

घड्याळ प्रत्येक वेळी दयाळू नसते. कच्छचा भूकंप २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला. प्रजासत्ताक दिन असल्याने कित्येक ठिकाणी मुले झेंडावंदनासाठी मोकळ्या पटांगणात होती; परंतु अंजार येथे त्यांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे तिच्यावर ढासळून १८५ विद्यार्थी व २० शिक्षक गतप्राण झाले. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी भरल्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या चुलीची आग छपराच्या झावळ्यांस लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. तेथे भूकंप नव्हता, महापूर नव्हता. होती ती गवती छपरे, अरुंद जिना आणि वाट न शिकविलेली मुले. या दुर्घटनेवरून सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी असा निर्णय दिला, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. अग्निशामक साधने व शिक्षकांचे प्रशिक्षण यांविषयीही आज्ञा केल्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली शाळांसाठी मार्गदर्शक धोरण छापले. कागदाची वाण आपल्याकडे कधीच नव्हती.

पुण्याच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावर, पाच-सहा कोसांवरील लोणी काळभोर घ्या. एका अंगास मुळा-मुठा वाहते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, तेव्हा त्याचे पाणी पुणे बुडवून याच पात्राने खाली गेले. पण ते पाणी दिवसाढवळ्या आले आणि वाटेत त्यास काही अवधी लागला. आज गावापाशी तेल कंपन्यांची मोठी साठवणगृहे आहेत, रेल्वे आहे, टँकरांची ये-जा आहे, आणि आसपास शाळा-महाविद्यालये वाढत आहेत. तेलाचा भडका नदीसारखा वर्दी देऊन येत नाही. शिवाय एकाच कवायतीने दोन्ही संकटांस तोंड देता येत नाही. पुरात उंचवट्याकडे धावावे लागते. धुरात प्रथम वारा कोठून येतो ते पाहून त्याच्या उगमाकडे, आडव्या वाटेने, निघावे लागते. भूकंपात धक्का थांबेपर्यंत बाकाखालीच बसावे लागते. सहावीतल्या मुलास हा फरक अर्ध्या तासात समजतो. तो अर्धा तास वेळापत्रकात कोठे बसवावा, ही अडचण मुख्याध्यापक सांगतात, आणि ती खोटी नाही. तथापि जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात खेळाचा एक तास मिळणे अशक्य नसावे.

अशा कवायतीत शिक्षकाने पटांगणात बरोबर न्यावयाची वस्तू एकच: वर्गाचा हजेरीपट. एरवी त्याची किंमत अनुदानाच्या व परीक्षेच्या हिशेबापुरती. पटांगणात उभे राहून नावे पुकारताना ज्या नावास उत्तर येत नाही, ते मूल अजून आत आहे.