इन्सुलिनचें माप

मधुमेह हा रोग आपल्या देशाला नवा नाहीं. चरक-सुश्रुतांच्या परंपरेनें प्रमेहाचे वीस प्रकार मानले आणि रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धांवतात हें लक्षणही नोंदून ठेविलें. परंतु ओळख इतकी जुनी असूनही बालपणीं हा रोग जडलेलीं मुलें फार दिवस जगत नसत. १९२१ पर्यंत युरोप-अमेरिकेंतील डॉक्टरांजवळही त्यांना अर्धपोटीं ठेवून दिवस लांबविण्यापलीकडे उपाय नव्हता.

पुढची हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. १९२१ सालीं टोरोंटो विद्यापीठांत बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाचा अर्क काढला. प्राध्यापक मॅक्लाउड यांनीं प्रयोगशाळा दिली आणि कॉलिप यांनीं अर्क शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास पहिली सुई टोंचली, तिचा विशेष उपयोग झाला नाहीं. २३ जानेवारीस शुद्ध अर्क दिला तेव्हां मात्र रक्तांतील साखर उतरली.

आम्हांस या इतिहासाचा त्यापुढील भाग अधिक बोधप्रद वाटतो. अर्काची एक खेप दुसरीसारखी नसे. मग मात्रा मोजावी कशी? कस लावला तो सशांवर. उपाशी सशास अर्क टोंचला कीं साखर उतरे, आणि मात्रा जास्त झाली म्हणजे त्यास झटके येत. द्राक्षशर्करा दिली कीं तोच ससा सांवरे. सशाची साखर या झटक्यांच्या पातळीपर्यंत उतरविणारी मात्रा म्हणजे एक युनिट, असें पहिलें माप ठरलें. माणसांसाठीं तें मोठें पडलें. म्हणून १९२३ सालीं एडिंबरो येथें राष्ट्रसंघाच्या परिषदेनें त्याचा तिसरा हिस्सा हें युनिट मान्य केलें. म्हणजे युनिटाची व्याख्याच मुळीं धोक्याच्या रेषेवरून आंखलेली आहे.

सशाच्या झटक्यांवरून ठरलेलें हें माप आज आपल्या खेड्यापाड्यांतील फडताळांत येऊन बसलें आहे. मुरुम हें उमरगा तालुक्यांतील, कर्नाटकाच्या सीमेजवळचें गांव घ्या. इन्सुलिन जगांत आलें त्या वेळीं तें निजामाच्या राज्यांत होतें. आज तें धाराशिव जिल्ह्यांत आहे. अशा गांवीं सुई बहुधा घरचेंच माणूस टोंचतें, आणि मापाची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

या मापांत एक जुना गुंता राहून गेला आहे. पूर्वीं एका मिलिलिटरांत ४० किंवा ८० युनिटें भरीत. इंग्लंडनें १९८३ सालीं सर्वत्र १०० युनिटांची एकच शक्ति ठरविली. आपल्याकडे ४० ची कुपी अद्याप चालते आणि शेजारींच पेनांतील इन्सुलिन १०० चें असतें. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. ४० च्या कुपींतील औषध १०० च्या सिरिंजनें २० च्या रेघेपर्यंत ओढलें, तर पोटांत ८ युनिटेंच जातात. उलट १०० चें औषध ४० च्या सिरिंजनें २० पर्यंत ओढलें, तर ५० युनिटें जातात. हा दुसरा घोटाळा जीव घेऊं शकतो. म्हणून कुपीवरील आंकडा आणि टोपणाचा रंग दर वेळीं ताडून पाहावा.

मात्रा जास्त झाली, किंवा टोंचून घेतल्यावर जेवण राहिलें, तर घाम, कांपरें, भूक आणि भ्रम हीं चिन्हें दिसतात. साखर ७० च्या खालीं उतरली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांतून द्यावें आणि पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहीं घालूं नये, तत्काळ दवाखान्यांत न्यावें. उपवासाच्या किंवा तापाच्या दिवशीं आपल्या मनानें इन्सुलिन बंद करूं नये. त्या दिवशींची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.

उरला प्रश्न उन्हाचा. न उघडलेल्या कुपीस २ ते ८ अंशांची थंडी लागते. गोठलेलें औषध मात्र टाकून द्यावें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० च्या वर जातो आणि फ्रिज सर्वांच्या घरीं नसतो. तेथें मोठ्या मडक्यांत लहान मडकें ठेवून मधली वाळू ओली राखावी व कुपी कोरड्या डब्यांत घालून आंत ठेवावी. मातीच्या भांड्यांचा हा गुण प्रयोगांनींही दिसून आला आहे. हवा कोरडी असेल तितका गारवा अधिक.

नागपुरांत डॉ. शरद पेंडसे यांनीं 'ड्रीम ट्रस्ट' ही संस्था काढली, ती गरीब घरांतील मधुमेही मुलांस इन्सुलिनबरोबर शिक्षणही मिळावें म्हणून. या जोडीचें मर्म टोरोंटोच्या सशांनींच सांगून ठेविलें आहे. औषध सांपडल्यावरही शास्त्रज्ञांना तें मोजावयास शिकावें लागलें. तेंच शिक्षण आज सुई टोंचणाऱ्या प्रत्येक घरास मिळालें पाहिजे.