प्रिंटरच्या आधीची गोष्ट : कमल रणदिवे आणि जिवंत पेशी

बायोप्रिंटिंगची बातमी आली की चर्चा प्रिंटरभोवतीच फिरते. कान छापला, त्वचा छापली, उद्या यकृत छापणार, असे मथळे येतात. मात्र खरा पेच यंत्राचा नाही. जेलला हवा तो आकार देता येतो, पण त्यातली पेशी जगली पाहिजे. हा प्रश्न प्रिंटरपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याच्या भारतीय इतिहासाचा एक धागा नवी मुंबईपर्यंत येतो.

१९०७ साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर वाढवून दाखवले. १९५१ मध्ये बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या पेशी अखंड वाढू लागल्या. त्याच ‘हेला’ पेशी. त्या घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

याच गाय यांच्याकडे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे पेशीसंवर्धनाचं तंत्र शिकल्या. १९१७ चा जन्म, डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. पेशीला शरीराइतकी ऊब लागते, वेळच्या वेळी ताजा पोषक द्रव लागतो. एक बुरशी शिरली की महिन्यांची मेहनत वाया जाते. पेशीला रविवार नसतो, सणही नसतो.

२००३ च्या सुमारास थॉमस बोलंड यांनी साध्या इंकजेट प्रिंटरने पेशी छापल्या, तेव्हा जुन्या अडचणींत नव्यांची भर पडली. बारीक सुईतून जेल दाबलं की घर्षणाच्या ताणाने पेशींचं आवरण फाटतं. सुई रुंद केली तर नक्षी जाड होते. जेल घट्ट करावं तर आकार टिकतो, पण पेशी गुदमरते. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून दूर राहिलेल्या पेशीला प्राणवायू पुरत नाही. म्हणून पातळ त्वचा जमते, जाड यकृत अडतं.

रणदिवेंची संस्था पुढे टाटा मेमोरियलमध्ये विलीन झाली आणि २००२ मध्ये खारघरला ‘ॲक्ट्रेक’ म्हणून नव्याने उभी राहिली. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. तिचं मुख्यालय वाशीत आहे. तिथे नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे, पाळणाघरही आहे. अनेकांना ही समाजसेवा वाटेल. मला तो विज्ञानाचाच भाग वाटतो. सुट्टीच्या दिवशीही पेशींना पोसायचं असेल, तर पोसणाऱ्या बाईचं मूल कुणीतरी सांभाळायला हवं.

१९८२ मध्ये रणदिवेंना पद्मभूषण मिळालं, पण बायोप्रिंटिंगच्या आजच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच येतं. आपण यंत्राचा इतिहास लिहितो, निगराणीचा नाही. हेन्रिएटाचं नावही जगाला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. उद्या एखादा अवयव छापला जाईल, तेव्हा दोन प्रश्न विचारावे लागतील. या पेशी कुणाच्या? आणि त्या कुणी जगवल्या?