खोट दाखवणारा आणि यंत्राचा मालक

२०२४ च्या जून-जुलै महिन्यांत बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, अशी बोलवा उठली होती. माणसे काठ्या घेऊन जागता पहारा देऊ लागली आणि विषय विधानसभेपर्यंत पोहोचला. शेवगाव तालुक्याची शीव यांतल्या दोन जिल्ह्यांना, पैठण आणि गेवराईकडे, भिडलेली आहे. त्यामुळे या भयाचे पडसाद आमच्याकडेही उमटणे स्वाभाविकच होते. हे ड्रोन कुणाचे, एवढा एकच प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. अशा यंत्राच्या आतच एखादी खोट असेल आणि ती एखाद्या जाणत्या माणसाला दिसली, तर त्याने ती कुणाला सांगावी, आणि सांगितल्यावर त्याचे काय होईल, हा दुसरा प्रश्न फारसा ऐकू आला नाही. वास्तविक तो ड्रोनहून पुष्कळ जुना आहे.

लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावरील ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कैक वर्षे मांडलेले होते. ते किल्लीवाचून उघडील त्याला दोनशे गिनी, असे आव्हान त्यावर होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपकाराने ते स्वीकारले. सोळा दिवसांच्या मुदतीत मिळून सुमारे एक्कावन्न तास खपून त्याने कुलूप उघडले. कंपनीने कुरकुर केली, पण पैसे दिले. खरी खळबळ मात्र वेगळीच होती. अशा गोष्टी चारचौघांत सांगितल्या तर चोरांना आयतेच शिक्षण मिळेल, असे सभ्य लोक म्हणू लागले. हॉब्सचे उत्तर साधे होते. चोरांना हे आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते कुलूप विकत घेणाऱ्याला.

आपल्याकडे हा वाद ज्या प्रकरणात उघडा पडला, ते मुंबईच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. हैदराबादचे हरि प्रसाद हे संगणक अभियंते मतदानयंत्राच्या सुरक्षिततेविषयी शंका घेत होते. २०१० च्या फेब्रुवारीत एका अनामिक व्यक्तीने त्यांना एक खरे यंत्र अभ्यासासाठी दिले. मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रोप खोंगराइप यांच्यासह त्यांनी ते उघडून तपासले आणि एप्रिलमध्ये निष्कर्ष जाहीर केले. यंत्र काही काळ हाती लागले, तर निकाल दाखवणारी पाटी बदलता येते किंवा स्मृतीतील मते फिरवता येतात, असे त्यांनी करून दाखवले. प्रत्यक्ष निवडणुकीत असे घडले, असा पुरावा त्या अभ्यासात नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. निवडणूक आयोगाने हे निष्कर्ष अमान्य केले. २१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई पोलिसांनी हरि प्रसादांना हैदराबादेत घरातून अटक केली आणि रस्त्याने मुंबईला आणले. यंत्र मुंबईच्या शासकीय गोदामातून चोरीला गेले होते, म्हणून गुन्हा चोरीचा. आठवडाभराने जामीन झाला. यंत्र कुणी दिले, ते त्यांनी सांगितले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्यांना पुरस्कार दिला. चोरीच्या मालाची चौकशी व्हावी, यात गैर काही नाही. पण यंत्रात खोट आहे की नाही, या प्रश्नाऐवजी यंत्र आले कुठून, हाच प्रश्न मोठा झाला, हे मला आजही खटकते.

ड्रोनच्या बाबतीत हा पेच २०१७ साली चिनी कंपनी डीजेआयपुढे उभा राहिला. अमेरिकी लष्कराने ऑगस्टच्या आरंभी या कंपनीचे ड्रोन वापरणे थांबवले, आणि महिनाअखेर कंपनीने खोट दाखवणाऱ्यास शंभर ते तीस हजार डॉलर बक्षीस जाहीर केले. केव्हिन फिनिस्टर या संशोधकाला असे आढळले की कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली आणि साठवणसेवेच्या किल्ल्या गिटहबवर उघड्या ठेवल्या होत्या. त्यांतून ग्राहकांच्या उड्डाणनोंदीच नव्हे, तर पारपत्रे आणि वाहनपरवानेही दिसू शकत होते. त्याने सविस्तर अहवाल दिला. कंपनीने तीस हजार डॉलर देऊ केले, परंतु करारात त्याच्या बोलण्यावर बंधने होती आणि कायदेशीर कारवाईपासून संरक्षणाची हमी नव्हती. त्याने रक्कम नाकारली आणि नोव्हेंबरात सारी हकिगत प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षी चेक पॉइंट या कंपनीने डीजेआयच्या लॉगिन व्यवस्थेतील एक दोष मार्चमध्ये कळवला, तो सप्टेंबरपर्यंत दुरुस्त झाला, आणि नोव्हेंबरात दोघांनीही तो जाहीर केला. अर्थात एक मोठी सुरक्षा कंपनी आणि एक एकटा माणूस यांच्याशी वागण्यातला फरक कुणालाही कळेल.

भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीविना संगणकात शिरण्याविषयी आहे. ते अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सद्भावनेने खोट शोधणाऱ्यासाठी त्यात वेगळी सवलत लिहिलेली नाही; ‘अप्रामाणिकपणे’ किंवा ‘कपटाने’ या शब्दांच्या अर्थावरच त्याला विसंबावे लागते. सर्ट-इन ही केंद्राची संस्था अशा खोटींच्या सूचना स्वीकारते, हे खरे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली; किमतीच्या ऐंशी टक्के, कमाल आठ लाख, अनुदान. समजा, शेवगावच्या कपाशीवर फवारणी करणाऱ्या एखाद्या गटातील मुलीला, किंवा तिच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या भावाला, दिसले की आपल्या ड्रोनच्या ॲपमधून दुसऱ्याच्या शेताचे नकाशे उघडतात. ड्रोन गटाचा आहे, तेव्हा तो उघडून पाहायची परवानगी गट देईल. पण नकाशे कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, आणि तिथे डोकावायची परवानगी फक्त कंपनीच देऊ शकते.