तारखेची रेघ आणि गुरुजींचे निवृत्तिवेतन

निवृत्त गुरुजींना धानोऱ्यासारख्या गावात मान भरपूर मिळतो. पण मानाने वाण्याची उधारी फिटत नाही. म्हातारपणी घर चालते ते निवृत्तिवेतनावर. ते कोणाला मिळावे व किती, हे पुष्कळदा सरकारी कागदावरची एक तारीख ठरविते. या तारखांचाच इतिहास आज थोडक्यात पाहू.

इंग्रजी अमलात निवृत्तिवेतन म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर, कलेक्टरच्या दाखल्यावाचून त्याबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावण्याची वाटच बंद केली. पुढे प्राथमिक शिक्षकाचा धनी वारंवार बदलत गेला. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या, १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. मधल्या काळात, १९६० साली, राज्यच दुभंगले. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या नंदुरबारच्या बाजूची, काही गावे गुजरातेत गेली. जुन्या मुंबई राज्याच्या निवृत्तिवेतनाचा बोजा दोन राज्यांनी कसा वाटून घ्यावा, हे मुंबई पुनर्रचना कायद्यात सांगावे लागले. गावाची हद्द हलली तरी दिलेला शब्द हलू नये, हे तत्त्व त्या व्यवस्थेत होते.

खाजगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना हा लाभ उशिरा मिळाला. १९६८ च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९६६ पासून त्यांच्यासाठी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. त्या तारखेच्या अलीकडचा निवृत्त झाला तो योजनेत आला. पलीकडचा राहिला तो राहिलाच. १९८२ मध्ये महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम आले. त्याच वर्षी, १७ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. केंद्र सरकारने ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून सुधारित हिशेब नव्या निवृत्तांनाच दिला होता. एकाच वर्गातील निवृत्तांत अशी मनमानी रेघ ओढता येत नाही, आणि निवृत्तिवेतन हे दान नसून केलेल्या सेवेचे फळ आहे, असे न्यायालयाने सांगितले.

मग वाद मिटला काय? मिटला नाही, रेघ फक्त दुसरीकडे सरकली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पद्धत बंद झाली. जुन्या पद्धतीत पूर्ण सेवा केलेल्यास शेवटच्या पगाराच्या निम्मे वेतन मिळे, वर महागाईची भर, आणि मागे विधवेला कुटुंबनिवृत्तिवेतन. नव्या पद्धतीत पगाराचा दहावा हिस्सा कापला जाऊ लागला. सरकारनेही तितकाच घालायचा असे ठरले. पुढे २०१९ मध्ये सरकारचा वाटा चौदा टक्के झाला. हाती काय येणार हे मात्र जमलेल्या रकमेवर आणि बाजारावर सोपविले गेले. एकाच शाळेत, एकाच फळ्यापुढे शिकविणाऱ्या दोघांचे म्हातारपण असे निराळे झाले.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. माणसाचे आयुर्मान वाढले, तिजोरीवरचा भार वाढला, आणि तो उद्याच्या करदात्यावरच पडतो. या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. पण २००५ चा एवढा मोठा फेरफार शासननिर्णयाने झाला. त्यासाठी विधिमंडळाने कायदा केला नाही. संविधानाच्या ३०९ व्या अनुच्छेदाने असा कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळाला दिलेला आहे. १४ ते २० मार्च २०२३ या सात दिवसांत राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले, तेव्हा ही चर्चा सभागृहाऐवजी रस्त्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नेमणूक नंतरची, अशा राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना जुन्या पद्धतीचा पर्याय मिळाला. म्हणजे ती रेघ दगडावरची नव्हती, हे सरकारनेच दाखवून दिले.

तारखा तर ठरवाव्याच लागतात. कोठे तरी आरंभ करावा लागतोच. परंतु ती तारीख का निवडली, हे चारचौघांत सांगता आले पाहिजे, आणि ते सांगण्याची जागा विधिमंडळ होय. ज्यांनी आपल्या मुलांना बाराखडी शिकविली, त्यांच्या उतारवयाचा हिशेब कोणत्या कागदावर आणि कोणाच्या सहीने बदलतो, हे आपल्या आमदारांना विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.