पिस्टन रिंग (मोटारसायकल इंजिन)

पिस्टन रिंग म्हणजे इंजिनातील पिस्टनच्या खाचेत बसवलेले, एका ठिकाणी छेद असलेले लवचिक धातूचे कडे होय. पिस्टन व सिलिंडर यांच्यातील फट बंद करणे, पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे नेणे आणि भिंतीवरील तेलाचा थर मर्यादित ठेवणे ही तिची तीन प्रमुख कामे आहेत. रिंगा झिजल्यास इंजिन ऑइल ज्वलनकक्षात शिरून जळते. लहान मोटारसायकलींच्या इंजिनात साधारणतः एक लिटरच ऑइल असल्याने ही घट लवकर धोकादायक ठरते व वंगणाअभावी इंजिन जाम होऊ शकते. मात्र ऑइल कमी होण्यास नेहमी रिंगाच जबाबदार असतात असे नाही.

इतिहास

सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांत पिस्टनभोवती वनस्पतिजन्य धाग्यांची, चरबीत भिजवलेली दोरी गुंडाळली जात असे. १८५२ मध्ये इंग्लिश रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम यांनी छेद असलेली धातूची रिंग तयार केली. अंगच्या ताणामुळे ती सिलिंडरला चिकटून राहत असे. हेच तत्त्व पुढे अंतर्ज्वलन इंजिनांत वापरले गेले.

रचना

फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात.

• पहिली कॉम्प्रेशन रिंग : ज्वलनाचा दाब रोखते. तोच दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर अधिक घट्ट दाबतो.
• दुसरी कॉम्प्रेशन रिंग : उरलेला दाब अडवते व भिंतीवरील ऑइल खाली खरवडते.
• ऑइल रिंग : बहुधा दोन पातळ कडी व त्यांमधील स्प्रिंगसारखी पट्टी अशी तीन भागांची असते. खरवडलेले ऑइल खाचेतील छिद्रांतून परत खाली जाते.

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळत असल्याने ऑइल रिंग नसते. त्यामुळे पुढील निदान फोर-स्ट्रोक इंजिनालाच लागू पडते.

ऑइल जळण्याचे निदान

सायलेन्सरमधून निळसर धूर येणे हे ऑइल जळत असल्याचे लक्षण आहे. काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे दर्शवतो. वेग वाढवताना किंवा चढावर निळा धूर येत राहिल्यास रिंगांवर संशय घेतला जातो. गाडी काही काळ उभी राहिल्यानंतर सुरू करताच थोडा वेळ धूर येत असेल, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड झिजलेले असण्याची शक्यता अधिक असते.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेजने दाब मोजतात. दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा हेड गॅस्केट तपासावे लागते. केवळ ऑइल रिंग कार्बनने अडकली असल्यास मात्र दाब योग्य येऊनही ऑइल जळू शकते. बाहेरची गळती आधी तपासणे आवश्यक असते.

रिंगा बदलण्याची पद्धत

हेड व सिलिंडर ब्लॉक उतरवून पिस्टन मोकळा करतात. गॅरेजच्या भाषेत या कामाला ‘हाफ इंजिन’ म्हणतात. खाचांतील कार्बन काढल्यावर सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली, तसेच काटकोनातील दोन दिशांनी मोजतात. सिलिंडर निमुळता किंवा लंबगोल झाला असल्यास नव्या रिंगा सर्वत्र टेकत नाहीत आणि खर्च वाया जातो. अशा वेळी बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन व त्याच मापाच्या रिंगा बसवतात. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर असलेले सिलिंडर अशा साध्या पद्धतीने बोअर करता येत नाहीत.

नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतील फट फीलर गेजने मोजतात. सुमारे ५० मिमी व्यासासाठी ती साधारणतः ०.१ ते ०.३ मिमी असते. अंतिम माप उत्पादकाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील असते. फट फार कमी असल्यास उष्णतेने प्रसरण पावलेली टोके एकमेकांना भिडतात व सिलिंडरवर ओरखडे पडतात. रिंगेवरील खूण वरच्या बाजूस ठेवतात आणि तिन्ही रिंगांचे छेद एका रेषेत येऊ देत नाहीत. ते सुमारे १२० अंशांवर ठेवले जातात. गजन पिनचे सर्क्लिप व गॅस्केट नवे वापरतात.

नंतरची काळजी

नव्या रिंगा भिंतीवर घासून बसेपर्यंत काही प्रमाणात ऑइल जळणे अपेक्षित असते. या काळात सतत एकाच वेगाने किंवा अतिभार टाकून गाडी चालवणे टाळतात, ऑइल लवकर बदलतात आणि त्याची पातळी वारंवार तपासतात.