एक कुऱ्हाड, चार नावे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकारभाराची सीमा अशी एका दिवसात ठरते. शब्दांच्या सीमा मात्र शतकानुशतके सरकत असतात. त्या कशा ओळखायच्या हे पाहण्यासाठी या जंगलपट्ट्यात घरोघरी असणारी एक वस्तू घेऊ: कुऱ्हाड.

पश्चिमेकडच्या मराठी गावांत तिला ‘कुराड’ म्हणतात. ईशान्येला कोरचीकडे छत्तीसगढी बोलणारे लोक आहेत, त्यांची ‘टंगिया’. दक्षिणेला सिरोंचा भागात तेलुगू ‘गोड्डली’. आणि गोंडी-माडिया बोलीत ‘मर्स’. पाते लोखंडाचे, दांडा लाकडाचा, काम तेच; नावे चार.

यातला ‘कुराड’ हा शब्द पुष्कळदा अशुद्ध समजला जातो. पण संस्कृत ‘कुठार’मधल्या ‘ठ’चा प्राकृतात ‘ह’ झाला. त्यातूनच गुजराती ‘कुहाडो’, हिंदी ‘कुल्हाडी’ आणि मराठी ‘कुऱ्हाड’ आले. म्हणजे आपला प्रमाण शब्दही झिजूनच तयार झाला आहे. ‘कुराड’ म्हणणाऱ्याने तो ‘ह’ही गाळला, एवढेच.

‘मर्स’ची गोष्ट अधिक रंजक आहे. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आणि तेलुगू तिची जवळची नातलग. तरीही कुऱ्हाडीच्या बाबतीत गोंडी शेजारच्या ‘गोड्डली’शी जुळत नाही. ‘गोड्डली’चे साम्य कन्नड ‘कोडली’शी आहे. ‘मर्स’चे नाते अभ्यासक जोडतात ते दूरच्या तमिळ आणि मलयाळममधल्या ‘मळु’शी. केरळात परशुरामाच्या परशूलाही मळूच म्हणतात. ज्यांचा एकमेकांशी संपर्क नाही अशा दोन भाषांत एकच शब्द सापडला, तर तो उसना घेतलेला नसून समान पूर्वज भाषेतून आलेला असावा, असा तर्क करता येतो. जीवाश्मावरून प्राण्याची वंशावळ जुळवावी तसाच हा प्रकार आहे. म्हणून भामरागडच्या मुलाच्या तोंडचा हा छोटा शब्द इतिहासाचा पुरावा ठरतो.

असा पुरावा गोळा करण्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. १८७६ साली जर्मनीत गेओर्ग वेंकर याने काही साधी वाक्ये गावोगावच्या शिक्षकांकडे पाठवली आणि ती स्थानिक बोलीत लिहून मागवली. पुढे चाळीस हजारांहून अधिक शाळांतून उत्तरे आली. दोन बोलींमध्ये एकच स्पष्ट रेषा दिसेल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. जवळजवळ प्रत्येक शब्दाची सीमा वेगळी निघाली. बोलींच्या नकाशांचे शास्त्र याच कामातून वाढले.

आपल्याकडेही हे करता येईल. कुऱ्हाड, विळा, कुदळ, नांगर यांची नावे, त्यांच्या भागांची नावे आणि ती सांगणाऱ्याचे गाव व वय मुलांनी वहीत नोंदवावे. आजीचा शब्द आणि नातवाचा शब्द शेजारी लिहिले की कोणता शब्द मागे पडतो आहे तेही दिसेल.

मात्र एक पथ्य पाळावे. मुलाने ‘मर्स’ म्हटल्यावर तो खोडून ‘कुऱ्हाड’ लिहायला लावू नये; दोन्ही लिहावेत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. बोलीच्या बाबतीत तो दांडा आपल्या हातातला खडू होऊ नये.